पहिल्या भागापासून सुरू करू नका

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी मी चार जणांना 'स्टार ट्रेक' दाखवायला घरी बोलावलं. अकराव्या मिनिटाला तिघांच्या हातात मोबाइल होता. चौथा माझ्याकडे बघून हसत होता, ते जास्त वाईट. मालिका म्हणजे 'एंटरप्राइज' नावाच्या अवकाशजहाजाच्या सफरींची, अमेरिकी टीव्हीवरची, १९६६ ते १९६९ मधली मूळची, नंतरची चकचकीत भावंडं नव्हेत. भाग पहिला, 'द मॅन ट्रॅप'. रूपं बदलणारं एक परग्रहावरचं श्वापद माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेतं, एवढीच गोष्ट. शेवटी ते आपल्या खऱ्या रूपात आलं तेव्हा बँकेतला माझा मित्र म्हणाला, "अरे, याने तर घोंगडं पांघरलंय." भजी चांगली झाली होती, म्हणून आणखी कुणी काही बोललं नाही.

चूक मालिकेची नव्हती, माझी होती. पोथी पहिल्या अध्यायापासून वाचायची, कादंबरी पहिल्या पानापासून, हा आपला संस्कार. तो मी डोळे मिटून पाळला. खरं तर 'द मॅन ट्रॅप' हा पहिला भाग नव्हताच. त्याच्या आधी बरेच भाग चित्रित होऊन पडले होते. एनबीसी वाहिनीने ८ सप्टेंबर १९६६ साठी त्यातला हा निवडला, कारण त्यात राक्षस होता. मालिकेची ओळख करून द्यायची म्हणून मुद्दाम बनवलेला नमुना भाग दोन आठवड्यांनी, तिसरा म्हणून दाखवला गेला. त्यात डॉक्टर वेगळा आहे, गणवेश वेगळे आहेत आणि कॅप्टन कर्कसाठी उभ्या केलेल्या थडग्याच्या दगडावर त्याच्या नावातलं मधलं अक्षरसुद्धा चुकीचं कोरलंय. त्याच्याही आधीचा, अगदी पहिला नमुना भाग वाहिनीने नाकारला होता. तो अखंड प्रसारित व्हायला १९८८ साल उजाडलं. म्हणजे आज आपण 'आरंभ' म्हणून ज्याच्यावर बोट ठेवतो, तो एका वाहिनीच्या अधिकाऱ्यांनी केलेला बाजारहाट होता. तरी आजचं प्रत्येक ॲप तोच भाग पुढ्यात टाकतं: सीझन एक, भाग एक, शीर्षकसंगीत वगळा, पुढचा भाग पाच सेकंदांत.

माझं भांडण या मांडणीशी आहे, आणि ते एका मालिकेपुरतं नाही. जुनी कलाकृती साठवून ठेवली, कळ दाबली की ती दिसायला लागली, म्हणजे ती जिवंत आहे अशी आपण समजूत करून घेतली आहे. साठवण महत्त्वाची आहे, त्यावर वाद नाही. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत फिती पुसून पुन्हा वापरल्या, त्यात 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे नव्वदहून अधिक भाग गेले. त्यातले काही २०१३ साली थेट नायजेरियातून परत मिळाले. 'स्टार ट्रेक'चं तसं झालं नाही, तिचे एकूणएक ७९ भाग शाबूत आहेत. पण शाबूत असणं वेगळं आणि कुणाच्या तरी मनात असणं वेगळं. त्या शनिवारी माझ्या घरी पडद्यावर मालिका चालू होती आणि खोलीत ती कुठेच नव्हती.

मी ती पहिल्यांदा पाहिली ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, चिंचवडला कंपनीच्या वसाहतीत शेजारच्या काकांकडे. टीव्ही कृष्णधवल, लाकडी शटरवाला. जमिनीवर दहा-बारा पोरं, इंग्रजी कुणालाच धड येत नव्हतं. काका कारखान्यात टर्नर होते, त्यांना आमच्यापेक्षा थोडं जास्त यायचं. खुर्चीत बसून ते चालू भागाचं मराठी करत जायचे. त्यातलं निम्मं चुकीचं होतं हे मला फार पुढे कळलं. पण जहाजावरचा अधिकारी स्पॉक, त्याचे कान टोकदार का, याचं त्यांचं उत्तर अजून कुणी सुधारलेलं नाही: "त्याची आई आपल्यातली, बाप दुसऱ्या ग्रहावरचा. म्हणून त्याला राग येतो, पण दाखवता येत नाही." लाल सदऱ्यातला खलाशी ग्रहावर उतरला की मरतो, हा मालिकेवरचा जगप्रसिद्ध विनोद मला तीसेक वर्षांनी समजला, कारण आमच्या टीव्हीवर सगळेच सदरे राखाडी होते. काकांचं मात्र त्यावाचून अडत नव्हतं. "याचं नाव कुणी घेतलेलं नाही," ते म्हणायचे, "हा जातोय बघ." आणि तो जायचा.

काका नसते तर ती मालिका आम्हाला लागलीच नसती. कीर्तनात पूर्वरंग उगाच नसतो. आख्यान श्रोत्यांना पाठ असतं, तरी बुवा आधी अभंग घेतात, तो उलगडतात आणि मग गोष्टीला हात घालतात. दूरदर्शनवरही कार्यक्रमाआधी निवेदिका येऊन दोन वाक्यं बोलून जायची. आता ते काम यंत्राकडे गेलंय आणि यंत्राला फक्त 'तुम्ही हे पाहिलंत म्हणून हेही पाहा' एवढंच बोलता येतं.

यावर एक चांगला आक्षेप आहे, तो बँकवाल्या मित्रानेच घेतला. कलाकृती स्वतःच्या पायांवर उभी राहायला हवी, तिला कुबडी लागत असेल तर ती मेलेलीच बरी. ऐकायला हे बाणेदार वाटतं. पण नवी मालिका तरी कुठे स्वतःच्या पायांवर उभी असते? तिचा पूर्वरंग आपण रोज जगत असतो. तिच्यातले फोन आपल्या खिशात असतात, तिच्यातली भांडणं सकाळच्या पेपरात असतात आणि कुठे हसायचं ते ऑफिसात चहाच्या वेळी ठरलेलं असतं. जुन्या मालिकेभोवतीचं हे सगळं पाणी आटून गेलेलं असतं. ते कुणीतरी दोन तांबे ओतावं, एवढंच माझं म्हणणं. घडाभर तेल नमनालाच घालवणाऱ्या भक्तांची मला धास्ती वाटते, मी स्वतः त्यांतला एक होतो म्हणून.

दुसऱ्या खेपेला मी 'बॅलन्स ऑफ टेरर' लावला. डिसेंबर १९६६ चा भाग. आधी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, ही पाणबुडीच्या युद्धपटाची गोष्ट आहे, समुद्राऐवजी अवकाश आहे असं समजा. दोन, दर दहा-बारा मिनिटांनी वाद्यवृंद अचानक अंगावर येईल आणि कर्कच्या चेहऱ्यावर चित्र थबकेल. तिथे जाहिराती होत्या. या दुसऱ्या वाक्याने केवढा फरक पडतो! जाहिराती काढून टाकलेल्या मालिकेत तो गजर निव्वळ वेडगळ वाटतो, नवा प्रेक्षक नेमका तिथेच हसतो. प्रेक्षकाने मधल्या वेळात उठून वाहिनी बदलू नये म्हणून प्रत्येक अंक टांगून ठेवायचा, ही लेखकाची रोजीरोटी होती, हे कळलं की त्याच जागी तो पुढे सरकून बसतो.

त्या भागाची सुरुवात जहाजावरच्या एका लग्नाने होते आणि धोक्याची घंटा वाजून ते अर्ध्यात थांबतं. रोम्युलन नावाच्या शत्रूशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झालेलं आहे, पण त्यांचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही. पडद्यावर तो पहिल्यांदा दिसतो, तर थेट स्पॉकसारखा. तेच कान, त्याच भुवया. त्या युद्धात ज्याच्या घरची माणसं गेली तो एक अधिकारी मान वळवून स्पॉककडे बघतो. कर्क त्याला सुनावतो की हा आकस आपल्या खोलीत ठेवून ये, इथे त्याला जागा नाही. हे घडतं त्या नियंत्रणकक्षातच जहाजाचं सुकाणू सुलूच्या हातात आहे. ते काम करणारा जॉर्ज ताकेई जपानी वंशाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं, त्यात लहानपणी तोही कुटुंबासकट होता. हे कथेत कुठेही नाही. सांगावं लागतं, आणि एवढंच सांगावं. शेवटी शत्रूचा सेनानी आणि कर्क एकमेकांना फक्त पडद्यावर भेटतात. तो सेनानी म्हणतो की वेगळ्या जगात आपण मित्र झालो असतो. एंटरप्राइजवर मेलेला माणूस एकच, सकाळचा नवरदेव. माझ्या डॉक्टर मैत्रिणीने त्या पन्नास मिनिटांत भजीला हात लावला नाही.

हा निवडून-वेचून दाखवण्याचा लबाड खेळ नाही का? आहे. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत कुठलं काढायचं ते वाढणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून चौथ्या बैठकीला मी जाणूनबुजून सगळ्यात फसलेला भाग लावला, 'स्पॉक्स ब्रेन'. सप्टेंबर १९६८, तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग. एक बाई येऊन स्पॉकचा मेंदू चोरून नेते आणि मंडळी त्याचं बिनमेंदूचं शरीर रिमोटने चालवत त्याच्या मागे निघतात. मी एका शब्दाने सारवासारव केली नाही. चौघं इतके हसले की खालच्या मजल्यावरून फोन आला. त्यानंतर मालिका त्यांच्या घरची झाली. माणसाचंही तसंच असतं, नुसते गुण ऐकलेल्या माणसाशी आपली कधी दोस्ती होत नाही. 'हे वीस भाग बघा, बाकी सोडा' अशा याद्या चाहते प्रेमाने करतात. सुरुवातीला त्यांचा उपयोगही होतो. पण त्या यादीतली मालिका कधी कुणी बनवलीच नव्हती. दर आठवड्याला एक भाग, पैसे कमी, वेळ त्याहून कमी, अशा घाईत बनली ती खरी मालिका. जहाज दर खेपेला ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं चमचमत विरघळवून खाली पाठवायचं यंत्र निघालं. त्या मीठखाऊ श्वापदाच्या भागासाठी भविष्यातल्या म्हणून शोभिवंत मीठदाण्या आणल्या. या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकाला कळणारच नाही, म्हणून त्या बाजूला पडल्या आणि डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची उपकरणं झाल्या. हे ऐकल्यापासून डॉक्टर मैत्रीण प्रत्येक ऑपरेशनच्या दृश्यात "मीठ घाला, मीठ" म्हणते.

चाहत्यांच्या ज्या दुसऱ्या सवयीवर माझा जास्त राग आहे, ती म्हणजे मालिकेची माहितीपुस्तिका वाचून दाखवण्याची. 'स्टार ट्रेक' पुरोगामी होती, टीव्हीवरचं पहिलं आंतरवंशीय चुंबन तिच्यात झालं, वगैरे. हा 'पहिलं'चा दावा टिकत नाही, त्याआधीची उदाहरणं आहेत. शिवाय २२ नोव्हेंबर १९६८ च्या त्या भागात कर्क आणि जहाजावरची कृष्णवर्णीय संपर्क अधिकारी उहुरा आपण होऊन जवळ येतच नाहीत. मनोबलाने माणसं हलवणारे सत्ताधारी मौज म्हणून त्यांना तसं करायला भाग पाडतात. वर्णभेद ओलांडणाऱ्या विवाहांना बंदी घालणारे अमेरिकी राज्यांचे कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्याला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, हे सांगितलं की 'पहिलं' म्हणायची गरजही उरत नाही. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकल्सने एक आठवण अनेकदा सांगितली आहे. पहिल्या वर्षानंतर ती मालिका सोडणार होती, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवलं. सत्तरच्या दशकात तिने नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांमधून अंतराळवीर मिळावेत म्हणून काम केलं. १९९२ मध्ये अवकाशात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, मे जेमिसन, उहुराला पाहत मोठी झाली होती. सगळं खरं. आणि त्याच उहुराला बहुतेक भागांत कानाला यंत्र लावून संपर्क खुला झाल्याचं सांगण्यापलीकडे काम नाही, हेही खरं. ते आखूड झग्यातले गणवेश, बाई दिसली की पडद्यावर पसरणारा तो धुरकट उजेड, तेही खरंच. शेवटचा भाग ३ जून १९६९ चा. त्यात एका बाईची तक्रार आहे की जहाजांच्या कप्तानांच्या जगात स्त्रीला जागा नाही, आणि कथा तिला वेडी ठरवून मोकळी होते. भाग संपल्यावर मैत्रीण चिडून बसली. दहा वर्षांपूर्वी मी "त्या काळात असंच होतं" म्हटलं असतं. आता गप्प राहिलो. तिचा राग हा मालिका नीट पाहिल्याचाच पुरावा होता, तो विझवायचं माझं काय काम?

आपल्या मंडळींना हसायला तर मालिकेने स्वतःहून सोय करून ठेवली आहे. 'स्पेस सीड'मध्ये शीतनिद्रेतून उठणारा खान नूनियन सिंग पहिल्यांदा दिसतो तेव्हा जहाजावरची इतिहासतज्ज्ञ बाई अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. दाढी नाही, केस कापलेले, नाव निम्मं एकीकडचं निम्मं दुसरीकडचं, आणि वठवणारा रिकार्डो मोंताल्बान मेक्सिकोचा. हा खान म्हणे १९९२ ते १९९६ या काळात पाव पृथ्वीवर राज्य करत होता. "मी तेव्हा अकरावीत होतो," बँकवाला म्हणाला, "आम्हाला कुणी कळवलं नाही." पण मोंताल्बान बोलायला लागला की हसू ओसरतं. चुकीचा शीख आणि अव्वल खलनायक एकाच माणसात मावतो. (मुंबईची पर्सिस खंबाटा १९७९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात डोक्याचं मुंडण करून आली, तेव्हा आमच्या वसाहतीतल्या बायकांना तिच्या अभिनयापेक्षा केसांचंच जास्त वाईट वाटलं होतं, असं आई सांगते.)

२००६ पासून या मालिकेची नव्याने रंगरंगोटी झाली. जुने चमत्कृतीचे प्रसंग काढून संगणकावर बनवलेली नवी जहाजं, नवे ग्रह घातले. आज ॲपवर सहसा हीच आवृत्ती समोर येते. नव्या प्रेक्षकाला जुनं टोचू नये हा हेतू. मला तो दोन्ही बाजूंनी फसवा वाटतो. जहाज २००६ चं आणि त्यातून उतरणारी माणसं पुठ्ठ्याच्या खडकांत, तर पुठ्ठा उलट जास्तच डोळ्यांत भरतो. सगळंच साठच्या दशकातलं असलं की नजर दहा मिनिटांत रुळते. मूळ रूपाच्या तबकड्या मिळतात, मी त्याच लावतो. जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीला काच लावून कुणी त्याला नवं म्हणत नाही.

एका बैठकीला एकच भाग, यावर मी हटून बसलो आणि मित्रांनी मला हुकूमशहा ठरवलं. सलग तीन भाग पाहिले की लक्षात येतं, कर्क पुन्हा एका अहंकारी यंत्राशी वाद घालून त्याला आत्महत्या करायला लावतोय, मॅकॉय पुन्हा "मी डॉक्टर आहे, अमुक नव्हे" म्हणतोय. आठवड्याच्या अंतराने हेच गणपतीच्या आरतीसारखं वाटतं, ओळ यायच्या आधी सगळे टाळ्यांना तयार. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्थानिक वाहिन्यांनी ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा दाखवली तेव्हाच ही मालिका खऱ्या अर्थाने लोकांची झाली. पहिल्या प्रसारणात तर ती दुसऱ्या वर्षीच बंद व्हायची, ती प्रेक्षकांच्या पत्रांच्या ढिगाने वाचली. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या शटलला 'एंटरप्राइज' नाव मिळालं तेही पत्रं लिहूनच. ते शटल कधी अवकाशात गेलं नाही, पण पत्रं लिहिणाऱ्यांना त्याचं फारसं दुःख झालं असेल असं वाटत नाही. ही मालिका सुरुवातीपासून एकाने दुसऱ्याला ओढून आणून दाखवण्यावरच जगली आहे.

आमच्या बैठकीला आता डॉक्टर मैत्रिणीचा सोळा वर्षांचा मुलगाही येतो. गेल्या महिन्यात 'द डेव्हिल इन द डार्क' लावला. एका ग्रहाच्या खाणीत दगडासारखं दिसणारं, खडक विरघळवत चालणारं जनावर खाणकामगारांना मारतंय. एक स्टंटमन त्या कातडीखाली रांगतोय हे स्वच्छ दिसतं, आणि तरी ते जखमी होऊन कळवळतं तेव्हा घसा दाटतो. ते जनावर आई आहे. कामगार ज्यांना निरुपयोगी गोटे समजून फोडत होते, ती तिची अंडी आहेत. मॅकॉय त्याच्या जखमेला सिमेंट लिंपतो. शेवटी तह होतो: पिल्लं बोगदे खणतील, कामगार त्यातून खनिज काढतील, सगळे सुखी. काकांकडे पाहिलं तेव्हापासून हा शेवट मला मालिकेतला सर्वांत माणुसकीचा वाटत आलाय.

भाग संपल्यावर मुलगा आतल्या खोलीत माझ्या आईपाशी जाऊन बसला आणि तिला गोष्ट मराठीत सांगायला लागला. निम्मी चुकीची. ग्रहाचं नाव बदललं, सिमेंटच्या जागी फेविकॉल आलं. मी दाराशी उभा होतो, दुरुस्त केलं नाही. "मग ती अंडी फुटली का रे?" आईने विचारलं.

"फुटली ना. आणि पिल्लं लगेच खाणीत कामाला लागली," तो म्हणाला. मग थोडं थांबून माझ्याकडे वळला. "काका, ही तर बालमजुरी झाली की!"